निअर मिस टाळण्यासाठी रेडिओवर कसे बोलावे आणि कसे ऐकावे

निअर मिस म्हणजे दोन विमानांची टक्कर थोडक्यात टळणे. समोरासमोर येणारी दोन जेट विमाने प्रत्येकी ताशी ४५० सागरी मैल वेगाने उडत असतील, तर त्यांच्यातले ५ सागरी मैलांचे अंतर अवघ्या २० सेकंदांत संपते. रडारच्या देखरेखीखाली मार्गावरील विमानांमध्ये सामान्यतः एवढेच आडवे अंतर किंवा त्याऐवजी १,००० फुटांचे उभे अंतर राखले जाते. त्यामुळे चुकीचा ऐकलेला आकडा नंतर कधीतरी दुरुस्त करू, असे म्हणायला येथे वावच नसतो. तो त्याच संभाषणात पकडला गेला पाहिजे. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक या दोन्ही कामांचे शिक्षण घेणाऱ्यांनी पुढील सवयी पहिल्या दिवसापासूनच अंगी बाणवाव्यात.

बोलण्याआधी ऐकावे. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येते, म्हणून चालू असलेला संवाद, त्यावरचे उत्तरही येऊन, पूर्ण होऊ द्यावा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मगच बोलावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि बहुतेक वेळा तो कॉलसाइनचा, म्हणजे रेडिओवर विमान ज्या नावाने ओळखले जाते त्याचाच भाग असतो. दोघे एकाच वेळी बोलले तर इतरांना फक्त कर्कश शिट्टीसारखा आवाज ऐकू येतो. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील विमानतळाच्या धुक्यात नेमके हेच घडले. ‘थांबा, मी कळवतो’ हे नियंत्रकाचे शब्द आणि आपण अजून धावपट्टीवरच आहोत हा पॅन अ‍ॅम विमानाचा संदेश एकमेकांवर आदळले, केएलएमच्या विमानाने धाव सुरूच ठेवली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. म्हणून असा आवाज आला की त्याआड आपल्यासाठी महत्त्वाचे काही होते असे गृहीत धरावे आणि संदेश पुन्हा मागावा. ‘टेक-ऑफ’ हा शब्दही उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरावा. इतर वेळी ‘डिपार्चर’ म्हणावे.

रीडबॅक म्हणजे मिळालेली सूचना वैमानिकाने नियंत्रकाला परत म्हणून दाखवणे. ही औपचारिकता समजणाऱ्यांची मला खरोखर काळजी वाटते, कारण ऐकण्यातली चूक पकडण्याची सर्वांत चांगली संधी याच क्षणी मिळते. उंची, दिशा, वेग, अल्टिमीटरची (उंचीमापकाची) सेटिंग, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड, तसेच धावपट्टीवर प्रवेश करण्याची, ती ओलांडण्याची, तिच्याआधी थांबण्याची, उतरण्याची व उड्डाणाची सूचना हे सारे शब्दशः परत म्हणावे आणि सोबत आपला कॉलसाइन सांगावा. ‘डिसेंड टू फ्लाइट लेव्हल वन वन झीरो’ (लेव्हल ११०, म्हणजे सुमारे ११,००० फुटांपर्यंत खाली या) या सूचनेला नुसते ‘रॉजर’ हे उत्तर होत नाही. रॉजरचा अर्थ संदेश मिळाला एवढाच आहे. कोणता आकडा मिळाला, हे त्यातून नियंत्रकाला कळत नाही. १०० ही लेव्हल ‘वन हंड्रेड’ अशी उच्चारतात, ती ११० शी गल्लत होऊ नये म्हणूनच.

आकड्याआधीचे शब्द गाळणे किती महागात पडते, हे १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ दिसले. नियंत्रकाने २,४०० फुटांवर येण्यास सांगताना ‘डिसेंड टू फोर झीरो झीरो’ एवढेच शब्द वापरले. मालवाहू विमानाच्या वैमानिकांनी त्यातला ‘टू’ हा दोनचा आकडा न समजता ‘पर्यंत’ या अर्थाचा इंग्रजी शब्द समजून ४०० फूट असा अर्थ घेतला आणि ‘फोर झीरो झीरो’ असेच उत्तर दिले. ते चुकीचे उत्तर कोणी दुरुस्त केले नाही, विमान टेकडीवर आदळले आणि चौघे दगावले.

त्यामुळे नियंत्रकाने रीडबॅक ऐकताना आपण काय सांगितले होते ते आठवत बसू नये, तर समोरून प्रत्यक्ष काय उच्चारले गेले ते ऐकावे आणि फरक दिसताच ‘नेगेटिव्ह’ म्हणून पूर्ण सूचना पुन्हा द्यावी. वैमानिकानेही नियंत्रकाच्या मौनाला संमती समजू नये. कॉकपिटमधील दोघांनी वेगवेगळा आकडा ऐकला असेल, तर आपसांत तडजोड न करता ‘से अगेन’ म्हणावे.

कॉलसाइनमधील साम्य हा वेगळा धोका आहे. सारखे कॉलसाइन एकाच फ्रिक्वेन्सीवर असतील, तर नियंत्रकाने दोन्ही विमानांना तसे सांगावे. सूचना आपल्यासाठी आहे की नाही याची शंका असेल, तर वैमानिकाने आधी खात्री करावी. ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये खाली उतरण्याची सूचना ९५८ क्रमांकाच्या विमानाला द्यायची होती, ती त्याच कंपनीच्या ९०७ ला दिली गेली. ९०७ मधील टीकॅस, म्हणजे टक्कर टाळण्यासाठी वैमानिकाला सूचना देणारी विमानातील यंत्रणा, वर चढा म्हणत असताना वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले, तर ९५८ टीकॅसच्या सूचनेनुसार खाली येत राहिले. टक्कर थोडक्यात टळली, पण शेवटच्या झटक्याने सुमारे शंभर जण जखमी झाले.

पुढच्याच वर्षी, १ जुलै २००२ रोजी, जर्मनीतील युबरलिंगनच्या आकाशात असाच विरोधाभास घडला आणि तेव्हा टक्कर टळली नाही. ७१ जणांचा अंत झाला. आज नियम निःसंदिग्ध आहे: टीकॅसने बचावाचा आदेश, म्हणजे आरए, दिला की नियंत्रकाची सूचना विरुद्ध असली तरी आरए पाळावा आणि त्याच्या उलट दिशेने विमान कधीही नेऊ नये. पहिला प्रतिसाद पाच सेकंदांच्या आत हवा. विमान सावरताच ‘टीकॅस आरए’ एवढेच सांगावे. मध्येच उलट सूचना आली तर ‘अनेबल (शक्य नाही), टीकॅस आरए’ म्हणावे. नियंत्रकाने त्यावर केवळ ‘रॉजर’ म्हणावे आणि वैमानिकाकडून ‘क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट’ (धोका टळला) असे ऐकू येईपर्यंत त्या विमानाचा मार्ग बदलण्याचा प्रयत्न करू नये, कारण दोन्ही विमानांच्या यंत्रणांनी एकमेकींशी काय ठरवले आहे हे त्याच्या पडद्यावरून उमगेलच असे नाही.

प्रसंग निभावल्यावर फ्रिक्वेन्सीवर वाद घालू नये. तिथे इतर विमाने अजून सूचनांची वाट पाहत असतात. वेळ, ठिकाण, उंची, आरएची दिशा आणि दुसरे विमान कोणत्या बाजूला दिसले, हे लगेच कागदावर उतरवावे. अनेक विमानांतील कॉकपिट रेकॉर्डर फक्त शेवटचे दोन तास जपतो, म्हणून उतरल्यावर कंपनीच्या पद्धतीनुसार ते ध्वनिमुद्रण सुरक्षित करण्यास सांगावे. लेखी अहवालात स्वतःला काय म्हणायचे होते ते नव्हे, तर प्रत्यक्ष उच्चारलेले आणि ऐकू आलेले शब्द लिहावेत, आणि जिथे ते आठवत नाहीत तिथे तसेच नमूद करावे.