पुण्यात एजंटशिवाय जुना फ्लॅट घेताना आणि विकताना

पुण्यात जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात एजंट साधारण एक ते दोन टक्के घेतो, तेही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंकडून. म्हणजे ८० लाखांच्या फ्लॅटवर एकेका बाजूला ८० हजार ते १ लाख ६० हजार. त्याबदल्यात तो समोरचा माणूस गाठून देतो आणि बोलणी फिसकटू देत नाही. कागदपत्रे तो तपासत नाही. ते काम वकिलाचे. म्हणून एजंटचे पैसे वाचवावेत, पण त्यातले थोडे चांगल्या वकिलावर खर्च करावेत. वकील आपला स्वतःचा असावा. विकणाऱ्याने सुचवलेला किंवा 'दोघांचा मिळून एक' नको.

भाव ठरवण्याआधी

संकेतस्थळांवर दिसतो तो मागितलेला भाव. झालेला भाव पाहायचा तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये जावे. जिल्हा, गाव, वर्ष आणि सर्व्हे नंबर किंवा फ्लॅट नंबर टाकला की नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला 'इंडेक्स टू' म्हणतात ती, दिसते. त्याच इमारतीत गेल्या दोन वर्षांत काय मोबदला लिहिला गेला हे तिथे कळते. शेजारच्या काकांनी सांगितलेल्या आकड्यापेक्षा हा भरवशाचा.

दुसरा आकडा क्षेत्रफळाचा. जाहिरातीत 'सेलेबल' (सामायिक जागेचा हिस्सा धरून) लिहितात, जुन्या करारनाम्यात बहुतेक वेळा बिल्टअप (भिंती धरून) असते आणि राहायला मिळते ते कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा. करारातले चौरस मीटर १०.७६ ने गुणले की चौरस फूट मिळतात. ५० चौरस मीटर म्हणजे सुमारे ५३८ चौरस फूट. दोन फ्लॅटची तुलना दोन्हीकडचे कार्पेट घेऊनच करावी.

विकणाऱ्याने जाहिरात टाकताना कार्पेट, मजला, लिफ्ट, पार्किंगचा प्रकार, पाण्याची वेळ, देखभाल खर्च आणि कर्ज आहे की नाही हे सगळे आधीच लिहावे. 'एजंट क्षमस्व' लिहिले तरी पहिले चार फोन एजंटांचेच येतात. खरे गिऱ्हाईक बऱ्याचदा सोसायटीच्या किंवा शेजारच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनच मिळते. कोणाच्या तरी भावाला जवळच घर हवे असते.

कागद आधी, विसार नंतर

इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. घर आवडले की लोक त्याच संध्याकाळी ५१ हजारांचा विसार देऊन मोकळे होतात आणि मग कागद मागतात. आधी झेरॉक्स मागा, वकिलाला दाखवा. द्यायला टाळाटाळ झाली तर तेवढ्यावरच पुढचे घर बघा.

बिल्डरच्या पहिल्या करारनाम्यापासून आजच्या मालकापर्यंतची दस्तांची पूर्ण साखळी हवी. मधला एखादा मूळ दस्त हरवला असेल तर पोलिसांत नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढे विकणाऱ्याने करून द्यायचे. त्याशिवाय कर्ज देणारी बँक पुढे सरकत नाही. बांधकामाची मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र, आपल्याकडे ज्याला 'कम्प्लिशन' म्हणतात, तेही पाहायचे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्या भागातल्या बऱ्याच इमारती आधीच्या काळातल्या असतात. तिथे परवानगी कोणी दिली होती हे नीट वाचावे. नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभ्या असलेल्या इमारतीला बँका सहसा कर्ज देत नाहीत. आज तुम्ही रोखीने घेऊ शकलात, तरी उद्या विकताना गिऱ्हाईक कर्जाशिवाय येणार नाही. नदीजवळचे घर असेल तर निळी पूररेषा, म्हणजे पुराची सरकारने आखलेली हद्द, कुठून जाते तेही पाहावे. सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत जुलै २०२४ मध्ये घरांत पुराचे पाणी शिरले ते सगळ्यांना आठवत असेल.

पुण्यातली खास गुंतागुंत म्हणजे इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट. पाटीवर काहीही लिहिलेले असते. सोसायटीत भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मालकाच्या नावावर असते. १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतीत भागपत्र नसते. तिथे इमारतीचे घोषणापत्र आणि प्रत्येक मालकाचे 'डीड ऑफ अपार्टमेंट' असते, त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो. अनेक जुन्या इमारतींत मालकांकडे फक्त बिल्डरचा करारनामा असतो, डीड कधी झालेलेच नसते. असा फ्लॅट घेता येत नाही असे नाही, पण डीड कोण आणि कधी करून देणार हे साठेखतात, म्हणजे विक्रीच्या नोंदणीकृत करारात, यायलाच हवे.

मालक वारलेले असतील तर जास्त सावध राहावे. सोसायटीत ज्याचे नॉमिनेशन आहे तो मालक होत नाही; तो फक्त वारसांसाठी सांभाळणारा. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचेही. परदेशातल्या मुलाच्या वतीने कुलमुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अटर्नी) सही होत असेल तर मुखत्यारपत्र देणारा हयात आहे आणि ते रद्द झालेले नाही याची खातरजमा करावी.

वकिलाकडून मालकी आणि बोजा तपासणारा साधारण तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. पार्किंगबद्दल सोसायटीचे पत्र मागावे. बिल्डरला स्टिल्ट (इमारतीखालचे खांबांमधले) किंवा उघडे पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला आहे, त्यामुळे 'पार्किंगचे वेगळे तीन लाख' या बोलण्याला पाठबळ कागदावर काय आहे ते विचारावे.

विसार पावती आणि साठेखत

विसार पावती अर्ध्या पानाची असली तरी चालते, पण दोन वाक्ये तिच्यात हवीतच. कर्ज नामंजूर झाले किंवा कागदांत दोष निघाला तर विसार किती दिवसांत परत मिळेल हे एक, आणि विकणाऱ्याने शब्द फिरवला तर काय हे दुसरे. रक्कम चेकने किंवा बँकेतूनच द्यावी. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणे आयकर कायद्यात निषिद्ध आहे आणि दंड तेवढ्याच रकमेचा होऊ शकतो.

मग साठेखत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत अधिभार धरून मुद्रांक शुल्क ७ टक्के. घर फक्त महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर १ टक्का कमी. नवऱ्याचे नाव जोडले की सवलत गेली. शुल्क करारातली किंमत आणि शासकीय मूल्यांकन (रेडी रेकनर) यांपैकी जी रक्कम जास्त तिच्यावर लागते. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. ८० लाखांच्या घराला ५ लाख ६० हजार आणि ३० हजार, म्हणजे ५ लाख ९० हजार घरातून काढावे लागतात, कारण हे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही. शिवाय ७५ लाखांवरच्या कर्जाला बँक किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त देत नाही. बजेट बसवताना हे दोन आकडे विसरले की साठेखतानंतर मित्रांकडे हात पसरावे लागतात.

साठेखतावर पूर्ण शुल्क भरले असेल तर पुढे खरेदीखत नाममात्र मुद्रांकावर होते. मात्र साठेखत मोडायचे झाले तर दोघांच्या सहीचा रद्दलेख नोंदवावा लागतो आणि भरलेले शुल्क सहजासहजी परत मिळत नाही. म्हणून कर्जाची मंजुरी हातात आल्याशिवाय साठेखत नोंदवू नये.

नोंदणी हवेली तालुक्याच्या कोणत्याही दुय्यम निबंधक कार्यालयात होते. शुल्क ऑनलाइन चलनाने भरून दस्ताची माहिती आधीच संकेतस्थळावर टाकायची, वेळ घ्यायची आणि मूळ आधार, पॅन आणि दोन साक्षीदार घेऊन जायचे. नावाचे स्पेलिंग, फ्लॅट नंबर आणि सर्व्हे नंबर तिथेच पडद्यावर तपासा. नंतर चूक निघाली तर चूकदुरुस्ती लेख करत बसावे लागते. मार्चचा शेवटचा आठवडा टाळावा. १ एप्रिलला रेडी रेकनरचे नवे दर येतील या धास्तीने सगळे शहर तिथे असते, आणि नेमका तेव्हाच सर्व्हर बसतो.

टीडीएस

किंमत किंवा शासकीय मूल्यांकन ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापून आयकर खात्यात भरायचा. ८० लाखांवर ८० हजार. तो प्रत्येक हप्त्यातून कापायचा, शेवटी एकदम नाही. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत भरला नाही तर व्याज आणि विलंब शुल्क लागते. विकणाऱ्याचे पॅन आधारशी जोडलेले नसेल तर दर २० टक्क्यांवर जातो, म्हणून आधी विचारावे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू नाही, दर बराच जास्त आहे. तिथे सीएशिवाय पाऊल टाकू नये.

विकणाऱ्यावर कर्ज असेल तर

एजंट नसताना लोक घाबरतात ते इथे, आणि तेवढे कारण नाही. विकणाऱ्याने आपल्या बँकेकडून थकबाकीचे पत्र आणि तिच्याकडच्या मूळ कागदांची यादी घ्यावी. घेणाऱ्याची बँक तेवढ्या रकमेचा चेक थेट त्या बँकेच्या नावे काढते, उरलेला विकणाऱ्याच्या नावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत दिले नाहीत तर बँकेने दिवसाला ५ हजार रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. घेणाऱ्याने स्वतःच्या खिशातून विकणाऱ्याला 'आधी कर्ज फेडून टाका' म्हणून मोठी रक्कम देऊ नये; तेवढ्या दिवसांत घेणाऱ्याच्या हातात कागद नसतो, पैसाही नसतो.

ताबा आणि नंतर

किल्ली शेवटच्या चेकसोबत, आधी नाही. सोसायटीकडून थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा. महापालिका हद्दीत हस्तांतरण प्रीमियम कमाल २५ हजार, हस्तांतरण शुल्क ५०० आणि प्रवेश फी १००. वरची 'देणगी' सक्तीची नाही, जिन्यात कोणी कितीही गोड बोलले तरी.

पुणे महापालिकेचा मिळकतकर थकलेला नाही ना हे पावतीवर पाहावे. स्वतः राहणाऱ्या मालकाला ४० टक्के सवलत असते. आधीच्या मालकाने भाडेकरू ठेवला असेल तर ती गेलेली असू शकते. नाव लागल्यावर सवलत दिसत नसेल तर महापालिकेकडे पीटी-३ हा सवलतीचा अर्ज भरावा. महावितरणचे नाव इंडेक्स टू जोडून ऑनलाइन बदलता येते. पाइप गॅस असेल तर एमएनजीएल या गॅस कंपनीकडेही अर्ज द्यावा, आणि ताबा घेताना वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे आकडे दोघांच्या सहीने एका कागदावर लिहून ठेवावेत.