मुलांच्या मालिकेच्या गाण्यांचा अल्बम गावातच रेकॉर्ड करताना

लहान मुलांच्या टीव्ही मालिकेतलं शीर्षकगीत बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण मिनिटाचं असतं आणि त्यातलं निम्मं काम चित्र करतं. एपिसोडमधला आवाज तसाच उचलून अल्बमवर टाकला, तर मधले संवाद आणि अर्धवट तुटलेली ओळ तेवढी हाती लागते. अल्बमसाठी गाणं पुन्हा गाऊन घ्या, दोन-अडीच मिनिटांचं. मुखडा तोच ठेवा, मुलं त्यालाच ओळखतात. दोन कडवी नवी लिहा. तान्ह्या पोळ्याच्या गाण्यात पडद्यावर लाकडी बैल दिसत असेल, तर अल्बममध्ये त्याची चाकं खडखडताना ऐकू आली पाहिजेत.

सगळ्यात जास्त गाणी पट्टीत बिघडतात, म्हणजे सा किती उंच धरला त्यात. संगीतकार मोठा माणूस, तो स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि मुलं खालच्या सुरांवर नुसती पुटपुटतात. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांचा गळा साधारण हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (सा रे ग म ची पहिली पांढरी पट्टी, इंग्रजीत C) वरच्या पांढरी एक-दोनपर्यंत मोकळा लागतो. चाल सा ते तार सा (वरचा सा) अशी असेल तर पांढरी एक किंवा दोन घ्या. चाल खाली मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) जात असेल तर सा पांढरी चारवर न्या. कोरसमध्ये एकजण ‘शाळा’ आणि दुसरा वऱ्हाडी वळणाने ‘शाया’ म्हणत असेल तर शब्द फुटतो. मालिकेतलं पात्र वऱ्हाडी बोलत असेल तर सगळ्यांनी वऱ्हाडीच गावं. उगाच पुस्तकी वळण लावलं तर मुलांचा आवाज आखडतो.

मुलांना नागपूर-अमरावतीच्या स्टुडिओत नेण्यापेक्षा गावातली खोली बरी, तिथे ती बुजत नाहीत. टिनाची खोली मात्र टाळा. ऊन चढलं की पत्रा तापून तडतडतो आणि तो आवाज नंतर काढता येत नाही. स्लॅबची लहान खोली घ्या, तीन बाजूंना कापसाच्या गाद्या उभ्या करा आणि कोपरे आधी झाका, आवाज तिथेच जास्त घुमतो. कापूस साठवलेली खोली आवाजाला उत्तम, पण अंगाला खाज सुटते आणि आगीच्या भीतीने तिथे वायरी नकोच. पंखा-कूलर बंद ठेवायचे असल्याने एप्रिल-मे सोडा. हिवाळ्यातली सकाळ घ्या, भोंगा आणि ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आधी. लाइन गेली तरी काम अडू नये म्हणून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जरची घुंऽऽ असेल तर तीही जाते.

मुख्य गाणाऱ्या मुलाला माइकपासून एक वीत दूर उभं करा. कशिद्याच्या रिंगणीवर जुना नायलॉनचा मोजा ताणून मध्ये धरला की ‘प’, ‘फ’चा फटका बसत नाही. कोरससाठी चार-पाच मुलं अर्धगोलात, माइकपासून तीन फुटांवर. ज्याचा आवाज मोठा, तो एक पाऊल मागे. मग जागा बदलून तेच पुन्हा दोनदा गाऊन घ्या, पाच मुलांची पंधरा ऐकू येतात. हेडफोनचा एक कान मोकळा ठेवा, नाहीतर सूर घसरतो. तालासाठी क्लिकऐवजी (यंत्राच्या टकटकीऐवजी) ढोलकी ऐकवा. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास असू द्या, मुलं आनंदाने ओरडली की ती एकदम चढते. वीस मिनिटं गाणं, मग सुट्टी. शेवटी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट नुसता आवाज घ्या, सफाईला लागतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) करा. टीव्हीला तेच लागतं. सीडीला ४४.१ लागतं आणि इथे एक चूक हमखास होते: ४८ची फाइल रूपांतर न करता ४४.१ म्हणून वाजली, तर सूर जवळजवळ दीड अर्धस्वर (हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर दीड पट्ट्या) खाली येतो आणि ४० सेकंदांचं गाणं साडेत्रेचाळीसचं होतं. मुलांचे आवाज अचानक जाड वाटले तर आधी हेच तपासा.

कागदपत्रं गाणं सुरू व्हायच्या आधी. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून सही पालकाची घ्या. गीतकार-संगीतकाराच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. ऑनलाइन गाणं जगभर जातं, तेव्हा ‘जगभर’ असं स्पष्ट लिहा. कव्हरवर पात्राचं चित्र टाकायचं तर वाहिनीची वेगळी लेखी परवानगी हवी. भुलाबाईची पारंपरिक गाणी सर्वांची आहेत, पण कुणीतरी बांधलेली त्यांची नवी चाल किंवा संगीत त्या माणसाचं.

मिक्स (सगळे आवाज जुळवून तयार झालेलं गाणं) मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, खेड्यात गाणं बहुधा तिथेच वाजतं. ढोलकीची धूम त्यात गायब होते, थापेचा वरचा टणकार थोडा वाढवला की ताल परत येतो. प्रत्येक गाण्याचा गाणाऱ्यांच्या आवाजाविना, नुसत्या वाद्यांचा ट्रॅकही काढून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनासाठी शाळा तोच मागतात, म्हणून अल्बम दिवाळीपर्यंत बाहेर यायला हवा.