गाडी किती उचलायची? आधी टेप घ्या, किट नंतर

‘दोन इंच उचलू की तीन?’ नाशकात रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलावर चार गाडीवाले जमले की हा प्रश्न हमखास निघतो. उचलणं म्हणजे स्प्रिंगचं वेगळं किट लावून गाडीची उंची वाढवणं, म्हणजेच ‘लिफ्ट’. थार इथंच सातपूरला तयार होते, त्यामुळे प्रत्येक टेबलावर एक तरी जाणकार बसलेला असतो. त्याचं उत्तर ठरलेलं: ‘तीनच टाक, भारी दिसते.’

दिसते खरी. मीही पूर्वी पाट्यांवरची जुनी जीप लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी) लावून तीन इंच उचलून घेतली होती. कसारा घाटात शेजारून ट्रक गेला की स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून बसावं लागे. आईचे गुडघे दुखायचे, तिला वणीला न्यायचं तर आधी घरातलं स्टूल गाडीत टाकावं लागे. एवढं करून निफाडकडच्या एका शेतरस्त्यावर गाडी पोटावर बसली, ती पूर्वी बसायची त्याच जागी. तिथून मी इंच मोजायचं सोडलं आणि गाडी कुठं घासते ते बघायला लागलो. पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे.

आधी शोधा: गाडी नेमकी कुठं घासते?

उंची ठरवण्याआधी एक रविवार यासाठी द्या. शाळेतला पांढरा खडू कुटून पाण्यात कालवा. जुन्या ब्रशनं गाडीखाली पाच ठिकाणी लावा: पुढच्या बंपरची खालची कड, मधला गिअरबॉक्सखालचा भाग, दोन्ही बाजूंचे फूटबोर्ड, मागच्या ॲक्सलच्या मधोमध असलेला डिफरन्शिअलचा (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरचा) गोळा आणि मागचा बंपर. वाळू द्या. मग तुम्ही एरवी जाता त्याच कच्च्या रस्त्यावर जाऊन या. नवा, अवघड रस्ता शोधू नका. परत आल्यावर खाली वाकून बघा, खडू कुठला पुसला गेला. (हे उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात सगळाच पुसला जातो.)

नाशिक जिल्ह्यात ही परीक्षा मला दोन वेगळी उत्तरं देते, कारण इथं दोन वेगळ्या जमिनी आहेत. निफाड–दिंडोरीकडच्या काळ्या मातीत ट्रॅक्टर जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे मातीचा उंचवटा राहतो. चाकं चाकोरीत, उंचवटा पोटाखाली; खडू पुसला जातो तो डिफरन्शिअलच्या गोळ्यावरचा. इगतपुरी–त्र्यंबकच्या बाजूला, जिथं इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो, तिथं माती वाहून खालचा कातळ उघडा पडतो, रस्त्याला पायऱ्या तयार होतात. तिथं खडू जातो बंपरचा आणि मधल्या पोटाचा.

सस्पेन्शन लिफ्टनं काय वर जातं आणि काय जात नाही

स्प्रिंग उंच केली की स्प्रिंगच्या वरचं सगळं वर जातं: चेसिस (गाडीचा सांगाडा), बॉडी, बंपर, इंजिन. मागचा ॲक्सल आणि त्याचा गोळा स्प्रिंगच्या खाली आहे. तो चाकाला बांधलेला. तुम्ही सहा इंचांचं किट लावा, गोळा जमिनीपासून पूर्वी जितका होता तितकाच राहतो. २०२० च्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनी २२६ मिमी सांगते, ५ दारांच्या जिम्नीचा २१०. हा आकडा गाडीखालच्या सर्वांत खालच्या जागेचा असतो. अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या दांड्यानं जोडलेल्या गाडीत ती जागा बहुधा तो गोळाच. म्हणजे किटच्या खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, हा आकडा हलत नाही.

मागचा गोळा वर न्यायचा एकच मार्ग, मोठे टायर. आणि तिथंही निम्माच फायदा, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंत टायरची फक्त त्रिज्या येते. हिशोब घरी करता येतो. थारचा २५५/६५ आर १८ टायर घ्या. २५५ मिमी रुंदीचे ६५ टक्के म्हणजे सुमारे १६६ मिमी, ही एका बाजूची भिंत. दोन भिंती ३३२, त्यात १८ इंची रिमचे ४५७ मिळवा: सुमारे ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच. ३३ इंची टायर म्हणजे ८३८ मिमी. फरक ४९, गोळा वर गेला साधारण २५ मिमी. बदल्यात स्पीडोमीटर ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ नं पळत असते, पिकअप मंदावतो आणि ब्रेकवर भार वाढतो.

तेव्हा खडू गोळ्यावरचा पुसला असेल तर लिफ्ट किट हा तुमच्या दुखण्यावरचा इलाज नाही. चाकोरीतून एक चाक उंचवट्यावर घेऊन चालवायला शिकणं फुकट आहे. बंपर आणि पोट घासत असेल तर लिफ्टचा उपयोग खरा. थारचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर, २४५० मिमी. तेवढ्या लांबीवर पोट ५० मिमी वर गेलं की उंचवटा ओलांडण्याचा कोन साधारण चार अंशांनी सुधारतो. कातळाच्या पायरीवर चार अंश पुष्कळ झाले.

फूटबोर्डचा खडू गेला असेल तर फूटबोर्ड काढा. हसू नका, निम्म्या गाड्यांचं काम तेवढ्यानं भागेल.

आता टेप

सपाट जागेवर गाडी लावा. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत मोजा, चारही चाकांना, आणि वहीत लिहा. जमिनीपासून मोजू नका. टायरची हवा आणि झीज त्या मापात घुसते. गाडी जुनी असेल तर हे माप नव्या तशाच गाडीशी ताडून बघा. स्प्रिंग किंवा पाटे वर्षानुवर्षांच्या भारानं बसतात. तुमची गाडी ३० मिमी बसलेली असेल तर कंपनीचे नवे मूळ स्प्रिंग घातले तरी ३० मिमी परत मिळतात, कुठल्याही भानगडीशिवाय.

मग वजन. किट विकणारा ‘५० मिमी’ म्हणतो ते कुठल्या भारावर? हा प्रश्न विचारलाच पाहिजे. विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढणारं यंत्र) बसवलेला लोखंडी बंपर म्हणजे गाडीच्या नाकावर कायमचा एक माणूस बसवणं. त्या भारासाठी बनवलेले कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला घातले तर गाडी ५० च्या जागी ७० मिमी उचलून बसते आणि स्पीडब्रेकरवर दात वाजतात. उलट, मऊ स्प्रिंगवर बंपर, विंच, छतावरचा कॅरिअर आणि मागे चौघं जण घेतले की उचललेली गाडी परत जागेवर येते. गाडीत कायम काय असतं त्याची यादी किलोत करा आणि ती यादी घेऊन दुकानात जा.

तुमच्या गाडीचा पुढचा ॲक्सल कुठला?

उंचीची खरी मर्यादा इथं ठरते.

२०२० नंतरच्या थारला आणि पाच दारांच्या थार रॉक्सला पुढं अखंड ॲक्सल नाही. प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर स्वतंत्र हलतं. डिफरन्शिअल चेसिसला बांधलेला असल्यामुळे गाडी उचलली की पुढचा गोळा वर जातो आणि चाकाकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात. त्या शाफ्टच्या टोकाचे जॉइंट कोपरासारखे असतात. थोडं वाकवलं तर चालतं, फार वाकवून फिरवत राहिलं तर रबरी बूट फाटतो, ग्रीस उडतं, धूळ आत जाते आणि वळताना ‘टक-टक’ सुरू होते. चाक हवेत लटकतं तेव्हा हा कोन सर्वांत वाईट असतो. म्हणून अशा गाडीला ५० मिमी ही शहाणपणाची हद्द समजावी, तीही आर्म आणि अलाइनमेंटचा हिशोब करून. स्वस्तातले स्पेसर (उंची वाढवणाऱ्या जाड चकत्या) शॉकअपच्या वर बसवताना एक गोष्ट विसरली जाते: शॉकअप आर्मच्या मधेच कुठंतरी जोडलेला असतो, त्यामुळे ३० मिमीचा स्पेसर चाकाशी ३० पेक्षा जास्त उंची देतो. ‘छोटाच तर घातलाय’ म्हणणाऱ्याची गाडी बऱ्याचदा मोठ्या मापानं उचललेली असते.

जिम्नीला पुढंमागं अखंड ॲक्सल आहेत. तिथं शाफ्टची ती चिंता नाही, दुसरी आहे. सायकलचा पुढचा चिमटा थोडा मागे कललेला असतो, म्हणून हात सोडला तरी हँडल सरळ राहू बघतं. गाडीच्या चाकालाही असाच कल दिलेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. अखंड ॲक्सलची गाडी उचलली की ॲक्सलला धरणारे आर्म खाली झुकतात, ॲक्सल स्वतःभोवती किंचित फिरतो आणि हा कल कमी होतो. मग हायवेवर गाडी भरकटते, स्टेअरिंग आपणहून सरळ होत नाही. माझ्या जीपचं कसारा घाटात हेच झालं होतं, आणि लावून देणाऱ्या गॅरेजनं ‘उंच गाडी अशीच चालते’ म्हणून वाटेला लावलं. अशीच चालत नाही. ४०–५० मिमीच्या लिफ्टला कॅस्टर सुधारणारे बुश (आर्मच्या टोकाचे रबरी सांधे) घ्यावेत. शिवाय गाडी उचलली की ॲक्सल किंचित एका कुशीला सरकतो, तो मधे आणायला लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड लागतो.

७५ मिमीच्या पुढं गेलात की यादी लांबते: लांब ब्रेक होज (ब्रेक ऑइलची नळी), लांब शॉकअप, बंप स्टॉप, प्रोपेलर शाफ्टचा कोन, डिफरन्शिअलच्या ब्रीदरची नळी, एबीएस सेन्सरची वायर. यातलं एक जरी राहिलं तरी चाक लटकताना काहीतरी ताणलं जातं, आणि ते ब्रेकचा होज असू नये. रोज कॉलेज रोडला जाणाऱ्या गाडीसाठी मी या उंचीचा विचारही करणार नाही.

उलटण्याचाही हिशोब आहे. दोन चाकांत दीड मीटर अंतर आणि वजनाचा मध्य ७० सेंमीवर धरला तर स्थिर गाडी कागदावर ४७ अंशांपर्यंत कलते. मध्य ७.५ सेंमी वर गेला की ४४. प्रत्यक्षात खालच्या बाजूचे स्प्रिंग दबतात, म्हणून वेळ त्याआधीच येते. बांधावरून आडवं जाताना हे तीन अंश आठवतात.

कायदा

इथं घोळ नको. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ते कडक शब्दांत पुन्हा सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते, वॉरंटीचंही तेच. पैसे मोजण्याआधी पेठ रोडच्या आरटीओत चौकशी करा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. ‘सगळेच करतात’ हे उत्तर दाव्याच्या कागदावर चालत नाही.

मग किती?

खडू फक्त गोळ्यावरचा गेला असेल: शून्य. चांगले ऑल-टेरेन टायर, पोटाखाली जाड पत्रा, आणि कच्च्या रस्त्यावर टायरची हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवणं. परत डांबरावर येण्याआधी हवा भरायचा पंप जवळ हवाच.

गाडी बसलेली आहे किंवा बंपर-विंचचा भार आहे: तो भार भरून निघेल एवढी, २०–३० मिमी.

बंपर आणि पोट दोन्ही घासतात, आणि महिन्यातून दोनदा तरी वैतरणा–इगतपुरीच्या कातळावर जाणं होतं: ४०–५० मिमी, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र बदलून. नुसते स्पेसर नकोत.

ठरवण्याआधी टायरखाली ५० मिमीच्या फळ्या ठेवून गाडी त्यांवर चढवा आणि घरातल्या सगळ्यांना एकदा चढायला-उतरायला लावा. सोसायटीच्या बेसमेंटच्या दाराशीही टेप लावून बघा.

बसवताना आणि नंतर

फिटरला एकच गोष्ट बजावून सांगा: आर्मच्या बुशचे नट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, हलवून, मग आवळायचे. लटकलेल्या अवस्थेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. यावर काही फिटर चिडतात. चिडू द्या.

त्याच दिवशी अलाइनमेंट करा आणि छापील रिपोर्ट घ्या. त्यात कॅस्टरचा आकडा असतो तोही बघा, फक्त टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बघू नका. रॉक्सच्या ज्या मॉडेलना काचेमागं कॅमेरा आहे त्यांचं कॅलिब्रेशन तपासून घ्या. ५०० किमीनंतर सगळे नट पुन्हा आवळा. १००० किमीनंतर वहीतली चार मापं परत घ्या, कारण नवे स्प्रिंग थोडे बसतात.

आणि हेडलाइट. गाडी उचलण्याच्या आदल्या रात्री ती भिंतीपासून पाच मीटरवर उभी करून दिव्याच्या मध्याची उंची आणि प्रकाशाची वरची कड, दोन्हींना चिकटपट्टी लावून ठेवा. लिफ्टनंतर त्याच जागी उभी करा. दिवा ५० मिमी वर गेला असेल, पण प्रकाशाची कड दिव्याच्या मध्यापासून पूर्वीइतकीच खाली हवी. नाहीतर घोटीहून रात्री परत येताना समोरचा प्रत्येक जण तुम्हाला डिपर मारत राहील, आणि तुम्हाला वाटेल ते गाडी बघून मारतायत.