गाडीचं डिझेल इंजिन बोटीत बसवलंय? आधी प्रॉपेलर तपासा
गाडीचं छोटं टर्बो डिझेल स्टर्नड्राइव्हला (बोटीच्या मागे बाहेरून बसणारं गिअर आणि प्रॉपेलरचं युनिट) जोडलं असेल तर टाकी फुल करून, माणसं-सामान सगळं चढवून एकदा फुल थ्रॉटल द्या आणि आरपीएम बघा. इंजिनाचे रेटेड (कंपनीने ठरवलेले कमाल) आरपीएम 4000 असताना काटा 3600लाच अडकत असेल तर प्रॉपेलर जड पडतोय, पिच (एका फेऱ्यात प्रॉपेलर जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर) कमी करा, 1 इंचाला साधारण 150-200 आरपीएम वाढतात. गाडीत इंजिनाला उतारावर, सिग्नलला दम खायला मिळतो, बोटीत मिळतच नाही, सतत घाट चढल्यासारखं ओढावं लागतं, म्हणून ओव्हरलोड झालं की एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि टर्बो, पिस्टनची वाट लागते. बोटीच्या मागच्या फळीवर काळी काजळी धरायला लागली की बहुतेक वेळा हेच कारण असतं, ती नुसती पुसून सोडू नका प्लीज. आणि हो, ड्राइव्ह मुळात पेट्रोल इंजिनासाठीचा असेल तर त्याचा गिअर रेशोही बघून घ्या, डिझेलचे आरपीएम कमी असतात.