जुना अ‍ॅनालॉग सिंथ मिडीशी जुळवताय? या चुका टाळा

मिडी (वाद्यांना एकमेकांशी जोडणारी डिजिटल भाषा) वापरून चालवलेला जुना सिंथ तालाबाहेर गेला की खापर फुटतं ते त्या यंत्रावर. माझ्या मते दोष बहुतेक वेळा मिडीचे संदेश सिंथला कळणाऱ्या विजेच्या पल्समध्ये बदलणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या (छोट्या प्रोग्रॅमेबल चिपच्या) कोडमधल्या मोजणीत असतो. सिंथचं झाकण उघडण्याआधी तीच तपासा.

मिडी क्लॉक, म्हणजे ताल देणारा सिग्नल, एका क्वार्टर नोटला (एका ठोक्याला) २४ टिक पाठवतो. रोलँड एसएच-१०१ या सिंथचा सिक्वेन्सर (नोटा ओळीने वाजवणारा भाग) मात्र क्लॉक इनला येणाऱ्या प्रत्येक पल्सला एक पायरी पुढे सरकतो. टिक जसेच्या तसे पुढे पाठवले तर तो सुसाट पळणारच. पायरी सोळाव्या नोटेची हवी असेल तर दर ६ टिकला एक पल्स द्या. खरी गोम पुढेच आहे. सहा मोजून झाल्यावर पल्स देणारा कोड पहिल्या टिकऐवजी सहाव्या टिकला जागा होतो. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० ठोके) एक टिक साधारण २०.८ मिलिसेकंदांचा, म्हणजे सिंथ सुरुवातीपासूनच १०४ मिलिसेकंद मागे. लय बरोबर, तरी सगळं रखडल्यासारखं ऐकू येतं! स्टार्टचा बाइट (२५०) आला की काउंटर शून्य करा, त्यानंतरच्या पहिल्याच क्लॉक बाइटला (२४८) पल्स द्या आणि मग मोजा. कंटिन्यूला (२५१) शून्य करू नका. शिवाय स्टॉपनंतरही (२५२) बरेच सिक्वेन्सर क्लॉक पाठवत राहतात. तेव्हा पल्स बंद ठेवायला कोडमध्ये एक फ्लॅग (चालू-बंदची खूण) लागतोच.

क्लॉकचा बाइट एखाद्या नोट मेसेजच्या मधोमधही येऊ शकतो. त्याला डेटा समजणारा कोड नोटा गिळतो किंवा अडकवून ठेवतो. पल्स खाली आणायला डीले (सगळा कोड थांबवून ठेवणारी आज्ञा) वापरणंही टाळा, वेळ मिलिस किंवा मायक्रोस या वेळ सांगणाऱ्या फंक्शननी मोजा.

अर्डुइनो ऊनो आर३ या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर कोड चढत नसेल तर बोर्ड गेला असं समजू नका. मिडी आणि यूएसबी दोघांनाही तोच सीरियल पोर्ट लागतो. मिडी जिथे येतो त्या पिन ० ची तार काढा, कोड चढवा, परत जोडा.

आता तारांकडे. रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनचं डिन सिंक (ताल जुळवायची जुनी पद्धत) सॉकेट मिडीसारखंच पाच पिनांचं दिसतं, पण मिडी नाही: पिन १ ला स्टार्ट-स्टॉप, पिन ३ ला क्लॉक, पिन २ ग्राउंड. इथे २४ टिक न भागता द्यायचे. त्या काळातल्या कोर्गच्या यंत्रांना ४८ लागतात, म्हणून दोन टिकच्या मध्ये एक पल्स स्वतः तयार करावा लागतो. कोर्ग एमएस-२० आणि मिनीमूग या सिंथचा ट्रिगर (नोट सुरू करणारा इशारा) उलटा, ग्राउंडला टेकवल्यावर चालणारा. त्यांना ५ व्होल्ट देऊ नका. मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर घाला.

जोडल्यावर घरघर ऐकू येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांचे ग्राउंड एकाहून जास्त वाटांनी जोडले गेलेत. मिडी इनची पिन २ बोर्डाच्या ग्राउंडला जोडली असेल तर ती तोडा. मिडी इनला ऑप्टोकप्लर (सिग्नल तारेऐवजी प्रकाशाने पोचवणारा भाग) बसवतात तो नेमका हे दोन ग्राउंड वेगळे ठेवायला. तरीही घरघर राहिली तर बोर्डाची यूएसबी केबल कॉम्प्युटरमधून काढून वेगळ्या अ‍ॅडॅप्टरवर चालवून पाहा.