घोड्यावर बसायला कोकणात येताय? मग या चुका टाळा

अलिबागच्या पुढे, नागाव-आक्षीच्या बाजूला आमची वाडी. सहा घोडे, चार खोल्या. दिवाळी ते मे, मुंबई-पुण्याची कुटुंबं राहायला येतात. माणसं दरवर्षी नवी, चुका त्याच.

पहिली चूक फोनवरच होते. नाश्त्याला घावन आहेत का, एसी चालतो का, सगळं विचारतात. ओहोटी किती वाजता, हे कोणी विचारत नाही. घोडा पळवायला ओली, घट्ट वाळू लागते आणि ती मिळते ओहोटीलाच. भरतीत उरते ती सुरूच्या झाडांखालची भुसभुशीत पट्टी. तिथे घोड्याचे पाय रुततात, शिरा दुखावतात, आणि क्रिकेट खेळणारे, बनाना बोटवाले सगळे तिथेच कोंबलेले असतात.

आमच्याकडचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी बाराच्या आसपास भरती, संध्याकाळी सहाला ओहोटी. फेरीला याहून चांगला दिवस नाही. अष्टमीला ओहोटी येते भर दुपारी. त्या दिवशी मी किनाऱ्यावर नेतच नाही, पोफळीच्या वाडीतून फिरवतो. मोबाईलवर तक्ते मिळतात हे ठाऊक आहे. मी कालनिर्णय बघतो.

दुसरी चूक घाईची. जीन चढवताना बरेच घोडे पोट फुगवून धरतात. तंग, म्हणजे जीन बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळलेला वाटतो, पण दहा-पंधरा मिनिटं चालून घोडा सैलावला की तोच तंग दोन बोटं ढिला. म्हणून मी आधी आंब्याभोवती वीस मिनिटं नुसतं चालवतो, मग तंग पुन्हा आवळतो. पाहुण्यांना वाटतं, काका वेळ काढतायत.

तीन वर्षांमागे ठाण्याचं एक कुटुंब आलं. दिवस चतुर्थीचा. आठला बोलावलं होतं, उगवले साडेअकराला. वाटेत मिसळ खाल्ली म्हणे. पाणी चढत होतं. ‘काका, ते आंब्याभोवती नको. माथेरानला बसलोय आम्ही,’ साहेब म्हणाले. माथेरानला घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो. तिथे तुम्ही बसत नाही, तुम्हाला नेलं जातं. पण मुलं हिरमुसली होती आणि मी विरघळलो. थेट किनाऱ्यावर गेलो. साहेब फोटोसाठी उतरले आणि मी मुलीच्या घोड्याकडे असताना, मला न सांगता, रिकिबीत, म्हणजे जिनाला लटकणाऱ्या पायकडीत, पाय घालून स्वतःच चढायला गेले. सगळा भार एका बाजूला. जीन फिरली ती घोड्याच्या पोटाखाली, साहेब पाण्यात, आणि बिथरलेला घोडा चौखूर उधळला तो थेट तबेल्यात. साहेबांचं मनगट मुरगळलं, फोन गेला. तंग पुन्हा न आवळण्याची चूक माझीच. तेव्हापासून आंब्याभोवती फिरल्याशिवाय फाटकाबाहेर कोणी जात नाही, मग तो आमदाराचा मेहुणा असो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

चपला घालून येऊ नका. रिकिबीतून पाय आरपार जातो आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. टाचेचा बूट हवा, रिकिबीत चवडाच, टाच खाली.

लगाम मनगटाला गुंडाळू नका.

थेट मागून घोड्याजवळ जाऊ नका, तिथलं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत या.

वडापाव भरवू नका. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात दुखायला लागलं की रात्रभर त्याला फिरवत बसतो आम्ही. गाजर द्यायचं असेल तर विचारून, सपाट तळहातावर.

वजन लपवू नका. घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार मी देत नाही, म्हणजे ३५० किलोच्या घोड्यावर जीन धरून ७० किलो. राग येतो लोकांना. येऊ दे.

लेकराला पुढ्यात घेऊन बसायचा हट्ट तर अजिबात नको. तोल गेला की आई-बाप पोरावरच पडतात. लहान मूल एकटं बसेल, डोक्यावर हेल्मेट, लगाम माझ्या हातात, आणि तुम्ही शेजारून चालायचं.

खरं तर पहिल्या दिवशी मुलांना बसवूच नये. सकाळी हातात खरारा द्यावा, घोड्याच्या अंगावरची माती काढू द्यावी. गेल्या मे महिन्यात एक सात वर्षांची मुलगी दीड दिवस नुसता खरारा करत होती. तिसऱ्या दिवशी आमची घोडी मोकळीच तिच्यामागून विहिरीपर्यंत चालत गेली. ओटीवर तिची आई मला विचारत होती, ‘पण काका, आपण पैसे बसण्याचे भरलेत ना?’