आगोटीची बेगमी, पण माळ्यावर

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या चिपळुणातल्या घरात शिरलं, तेव्हा आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेलं सगळं धान्य तळमजल्यावर होतं. ५० किलो तांदूळ, तूरडाळ, कुळीथ, नाचणी. माणसं वर आणि शिधा खाली. पाणी उतरल्यावर खाली गेले, तर पिंपातला तांदूळ फुगून त्याने झाकण उचललं होतं. आत हात घातला तर आतून गरम लागला, आणि तो आंबूस वास पुढे कितीतरी दिवस भिंतींना होता. २००५ चा पूर याच घराने पाहिलेला, तरी आम्ही पिंप तिथेच ठेवलं.

त्या दिवसांत वीज नव्हती, फोन लागत नव्हता, एटीएम बंद आणि बाजारपेठ चिखलात. खिशात पैसे असून घ्यायला काही नव्हतं. जगाचं सगळं बंद पडलं तर काय, या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा पाहिलं. आम्हाला तारलं ते माळ्यावरच्या एका पत्र्याच्या डब्याने. सासूबाईंनी त्यात पोहे, गूळ आणि भाजलेले शेंगदाणे ठेवले होते. "अगो, सगळं एके ठिकाणी ठेवू नये," एवढंच त्या म्हणायच्या. शेजारची तिघं धरून आम्ही सात जण त्यावर निभावलो.

म्हणून आता मी बेगमी दोन भागांत करते. पहिला भाग न शिजवता खायचा, आणि तो कायम माळ्यावर. त्यात पातळ पोहे, कुरमुरे, शेंगदाणे, गूळ, मेतकूट, सातूचं पीठ, दूध पावडर, मीठ-साखर आणि ओआरएसची पाकिटं. पोह्यांवर चार चमचे पाणी शिंपडून, मीठ-साखर लावून दडपून ठेवले की पोट भरतं, चूल लागत नाही. सातूचं पीठ गूळ घातलेल्या पाण्यात कालवलं की म्हाताऱ्या माणसालाही जातं. ही पिठं आणि शेंगदाणे मात्र खवट होतात, तेव्हा दर दोन महिन्यांनी खाऊन संपवायचे आणि नवे भरायचे.

दुसरा भाग तीन महिन्यांचा शिधा. आम्ही चौघं, म्हणून तांदूळ ४५ किलो, गहू १५, नाचणी १०, आणि डाळी-कडधान्यं मिळून १८. आमसुलं, मिरच्या, सुका जवळा वेगळे. एक सांगते, घरात जे रोज खाल्लं जातं तेच भरा. कोणीतरी सांगितलं म्हणून आणलेलं धान्य डब्यातच राहतं. या शिध्यातलं धान्य दळून साठवू नका, पीठ पावसाळ्यात लवकर बिघडतं. नाचणीचा दाणा बारीक, त्याला कीड फारशी लागत नाही, नीट वाळवली तर वर्षानुवर्षं टिकते. माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावर.

वाळवण्यात घाई करू नका. एप्रिल-मे महिन्यातलं कडक ऊन दोन-तीन दिवस द्यायचं. मग दाणा दाढेखाली धरायचा: कट्ट आवाज करून तुटला तर झालं, चेपला तर अजून एक ऊन. आणि उन्हातून उचललेलं धान्य तसंच डब्यात ओतू नका. सावलीत पसरून पूर्ण निवू द्या, नाहीतर आतल्या वाफेचं पाणी होतं आणि तळाला बुरशी धरते. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळते. डबा हलवत, ठोकत काठोकाठ भरते. आत हवा कमी उरली आणि झाकण घट्ट बसलं की किडे गुदमरतात. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात आणू नका. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

आता पिंप नाही, १०-१० किलोचे डबे आहेत. पावसाचा जोर वाढला की दोघं मिळून पंधरा मिनिटांत वर नेता येतात, ५० किलोचं पिंप रात्री दोन वाजता जिना चढत नाही. प्रत्येक डब्यावर भरल्याची तारीख. नवा डबा मागे, जुना पुढे.

पाण्याचं लोक विसरतात. पुरात पाणी चहूकडे, पण प्यायला नसतं. माणशी दिवसाला ४ लिटर धरा. चौघांना पाच दिवसांचे ८० लिटर, म्हणजे २० लिटरचे चार कॅन. पाऊस लागायच्या आधी मी ते भरून वरच्या खोलीत ठेवते आणि महिन्याने बदलते. क्लोरीनच्या गोळ्या जवळ असू द्या, त्या टाकल्यावर अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी गाळून, तुरटी फिरवून निवळू द्या. चूल पेटत असेल तर खळखळून उकळवा.

गॅसचा रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगतो, आमचा मागच्या दाराला येऊन आपटत होता. रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडर दोरीने खिडकीच्या गजाला बांधा. पेटी-कपाटातले कागद, बीपीची औषधं, १० आणि २० च्या नोटा, टॉर्च, काड्यापेटी एका प्लॅस्टिकच्या बरणीत घालून त्याच माळ्यावर.

पुराचं पाणी लागलेलं धान्य धुऊन वाळवायचा मोह होतो. पडवीत पसरलेला तो तांदूळ बघून माझाही जीव तुटला होता. पण पुराच्या पाण्यात गटार, डिझेल, मेलेली जनावरं सगळं असतं. असं धान्य कोंबड्यांनाही घालू नका. आम्ही तो तांदूळ खड्डा खणून पुरला, आणि दुसऱ्या महिन्यात माळ्याला दोन फळ्या जास्त ठोकून घेतल्या.